फक्त पायी

माझ्या डाव्या गुडघ्याला एवढा मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता. चाळीस वर्षं तो द्राक्षाच्या वेलांपुढे टेकवून छाटणी केली, तेव्हा कोणी त्याला कसा आहेस म्हणून विचारलं नाही. आणि यंदाची छाटणी उरकली त्या आठवड्यात एका सकाळी धाकटी दारात उभी. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. म्हणते कशी, "ताई, तुझ्या गुडघ्याशी काम आहे."

आमचे हे ओट्यावर तारेचं वेटोळं सोडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गुडघा एकटा नेणार असशील तर खुशाल ने. बाकीची मला तारा ओढायला हवी आहे."

धाकटी हसली. हसली की तिच्या गालाला खळी पडते, पन्नाशी उलटली तरी पडते, आणि त्या खळीपुढे मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. हेच तर चुकलं माझं.

काम असं होतं. आमच्या खोऱ्यात नदीच्या काठाकाठाने सोप्या चालायच्या वाटा करायचं ठरलं होतं. शहरातली माणसं येणार, बागांमधून फिरणार, नदी बघणार, वाइनचा एखादा घोट घेणार आणि दमायच्या आत परत जाणार. डोंगर चढणारी दणकट माणसं नव्हेत. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया, नुकतं ऑपरेशन झालेली, अशी. त्यांतली एक वाट धाकटीच्या बागेतून जाणार होती, आणि वाट सोपी आहे की नाही ते ठरवायला पर्यटन ऑफिसच्या मोजणीवाल्या बाईंना एक दुखरा गुडघा पाहिजे होता.

"सगळ्या खोऱ्यात तुझ्याइतका खरा गुडघा कुणाचा नाही म्हणून सांगितलं मी त्यांना," धाकटी म्हणाली. मी फुगले. खोटं कशाला बोलू?

आमच्या बागा समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. बाबांची एकच बाग होती. खालचा सपाट तुकडा नदीला लागून, तो धाकटीला मिळाला. वरचा उताराचा तुकडा मला. माझ्या बागेच्या डोक्यावर नुसता कातळ, तिथून शेळीसुद्धा उतरत नाही. म्हणजे माझी द्राक्षं खाली आणायची तर धाकटीच्या बागेतून, बाबांनी पाडलेल्या वाटेने. ती वाट उतरून नदीकाठाला लागते आणि काठाकाठाने पुलापाशी वायनरीत जाते. वाटेचं कुठे लिहून ठेवलेलं नाही. सख्ख्या बहिणींत काय लिहून ठेवायचं?

मोजणीवाल्या बाई तरुण होत्या, उन्हाने नाक सोललेलं, बोलायला गोड. हातात एक काठी आणि काठीच्या टोकाला चाक. ते चाक वाटेवरून ढकलत न्यायचं आणि अंतर मोजायचं. आम्ही तिघी निघालो. मी पुढे, बाई माझ्या गुडघ्याकडे डोळे लावून मागे, आणि धाकटी सगळ्यांत मागे, पाय जरासा ओढत.

मी काय सांगितलं नाही त्यांना! इथे पावसात निसरडं होतं, खडी टाका. इथे सकाळी अकरापर्यंत कातळाची सावली असते, बाक इथेच ठेवा. या वळणावर नदी एकदम समोर येते, माणूस आपसूक थांबतो, तेव्हा दगड काढून जागा मोठी करा. बाई वहीत लिहीत होत्या. मध्ये एकदा म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आमच्या ऑफिसातच का नाही येत?" मला आणखी चढलं.

वाटेच्या मध्यावर कातळाची एक उंच पायरी आहे. कमरेपर्यंत नाही, पण गुडघ्याच्या वर येते. तिच्या शेजारून मातीचा उतार, हातगाडीसाठी. दर पावसाळ्यात माती वाहून जाते आणि दर तोडणीच्या आधी आम्ही ती पुन्हा भरतो. चालणारं माणूस उतारावरून घसरतं म्हणून पायरीनेच चढतं. मी चढले, वळले आणि हात खाली केला. धाकटीने तो धरला. तिच्या डाव्या पायाला दोन बोटं नाहीत, या पायरीवर तिला जोर मिळत नाही. सहा वर्षांची होती तेव्हापासून इथे तिला मी हात देते. कुणी काही बोलत नाही, तिला तिच्या पायाचा विषय काढलेला चालत नाही.

"इथे अर्धी पायरी टाका," मी बाईंना म्हटलं. "माझ्या गुडघ्याला जड जातं."

गुडघ्याला काही जड जात नव्हतं. गुडघा त्या पायरीला सरावलेला. पण दुसऱ्या कोणाचं नाव कशाला घ्यायचं? बाईंनी लिहून घेतलं. धाकटी नदीकडे बघत होती.

मग धाकटीच्या स्वयंपाकघरात चहा. टेबलावर नवं मेणकापड, त्यावर बाईंचा छापील कागद. धाकटी कप विसळत होती. बाई एकेक प्रश्न विचारत होत्या. वाट किती जुनी? पुराचं पाणी चढतं का? जनावरं जातात का? मी सांगत होते आणि धाकटी मान डोलवत होती.

"या वाटेवर वाहन जातं का? गाडीवर बसून कोणी जातं-येतं?"

मला हसूच आलं. "अहो, या वाटेवर कोणी बसून गेलेलं आमच्या बाबांना दिसलं असतं, तर कानाखाली जाळ काढला असता त्यांनी! आमच्या वाटेवर बसत नाहीत. चालतात. आम्ही जन्मभर चालतच आलो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाबांचा नेम होता. हातगाडीत द्राक्षाचे क्रेट भरले की एकाने पुढे दांड्या धरायच्या, एकाने मागून दोर ताणून धरायचा, आणि शेवटपर्यंत पायी यायचं. उतारावर गाडीला लटकायचा मोह होतो पोरांना. पण माणसाचं वजन पडलं, गाडी उसळली, की खालच्या क्रेटमधले घड फुटतात, रस गळतो, वायनरीवाला नाक मुरडतो. म्हणून गाडीवर बसणं म्हणजे आमच्या घरात शिवी. आणि हातगाडीला वाहन म्हणतात हे मला कुठे ठाऊक? वाहन म्हणजे इंजिन, धूर, हॉर्न. हातगाडी म्हणजे आमच्या लेखी टोपलीच, खाली दोन चाकं लावलेली.

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "वापर, फक्त पायी. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं. छाती काढून म्हटलं.

धाकटीच्या हातातला कप तेवढा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल हिला. मग तिने कप पालथा घातला, फडकं घेतलं आणि कोरडं टेबल पुसायला लागली. आम्ही दोघींनी सह्या केल्या, तिने मालकीण म्हणून, मी माहीतगार म्हणून. बाई कागद घडी करून गेल्या.

त्यानंतर कामाचे दिवस आले. कोवळे फुटवे काढायचे, राहिलेले तारेला बांधायचे, घडावरची जादा पानं खुडायची म्हणजे घडाला वारा लागतो. सकाळी सहाला सुरू केलं की दुपारी मान वळायची नाही. आमचे हे एका ओळीत, मी दुसऱ्या ओळीत, मधून तारेवर बोट मारून एकमेकांना कळवायचं, चल, पाणी पिऊ. खाली वाटेचं काम चाललेलं दिसायचं. माणसं खडी पसरत होती. बाक मी सांगितला तिथेच आला, ते बघून मी यांना दोनदा हाक मारून दाखवला.

"राजवाडा बांधलास," हे म्हणाले.

उन्हाळा उतरणीला लागला आणि आमचे सहा-सात खांब कुजलेले निघाले. घड भरून वजन वाढलं की कुजका खांब आडवा होतो आणि अख्खी ओळ घेऊन जातो. गाडी घेऊन पुलापलीकडे गेलो, नवे खांब चिरून मिळेपर्यंत चार दिवस तिथेच मुक्काम पडला. हातगाडीत रचले, हे पुढे, मी मागे, काठाने आलो. धाकटीच्या बागेच्या तोंडाशी आलो आणि गाडी ठक्कन थांबली. मागून ढकलणारा माझा हात फळीवर घासला, तळवा सोलला.

वाटेच्या तोंडाशी दोन दगडी खांब रोवलेले. नवेकोरे, वर पिवळा पट्टा. त्यांच्या मधून माणूस जाईल, बाबागाडी जाईल, हातगाडी काही जायची नाही. शेजारी फळी ठोकलेली, सुबक अक्षरांत: सोपी वाट. गुडघे दुखणाऱ्यांनाही चालेल. वाहनांना बंदी.

यांनी फळी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, जणू दुसऱ्यांदा खांब बाजूला होतील. चाकाचा आस दगडावर घासला आणि नव्या खांबावर काळा ओरखडा उठला. पाठीमागून छत्री घेतलेलं एक जोडपं येत होतं, ते आमच्यासाठी थांबलं. त्यातली बाई प्रेमाने म्हणाली, "सावकाश, आम्हाला घाई नाही."

आम्ही गाडीतले खांब एकेक करून खांद्यावरून नेले. कातळाच्या पायरीपाशी बघते तर अर्धी पायरी बसवलेली, झकास, घडीव दगडाची. आणि शेजारचा मातीचा उतार, ज्यात मी दर वर्षी घमेली ओतली, तो खणून तिथे जांभळ्या फुलांची रोपं लावलेली. चाकोरी बुजलेली. तिथे कधी गाडी गेली होती हे मलाच पटेना.

मी तशीच धाकटीकडे गेले. ती अंगणात लाकडी टेबलं रंगवत होती. चार टेबलं, आठ बाकडी. चालणाऱ्या माणसांना तिथे बसून तिच्या बागेची वाइन प्यायला मिळणार होती.

"अगं, माझी गाडी अडते," मी म्हटलं.

"हो का? ताई, ते ऑफिसचं काम. मला विचारून थोडेच खांब रोवले." ब्रश चालूच होता.

"पण तोडणीला महिना राहिलाय. तीनशे ऐंशी क्रेट मी काय डोक्यावरून आणू?"

"बघू या ना. बोलू त्यांच्याशी." आणि मग, "ताई, त्या बाकड्याला हात लावू नकोस, ओलं आहे."

मी हात मागे घेतला. तोवर मला तिचा संशय आलेला नव्हता. देवाशपथ सांगते, यांनी घरी गेल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा मी यांच्यावरच भडकले. हे म्हणाले, "ती कागदाच्या वेळी शेजारी होती ना? तिला माहीत नव्हतं तू गाडीच्या बरोबरीने चालतेस ते?"

"कप विसळत होती ती!"

"कानात पाणी गेलं असेल," हे म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. मोजणीवाल्या बाईंनी कागद काढला, वाचला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही फक्त पायी म्हणालात हो." मी सगळं सांगितलं. बाबांचा नेम, दोर, दांड्या. त्या चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हातगाडी पूर्वापार जात होती हे खालच्या मालकिणीने लिहून दिलं, तर एक खांब कुलपाचा बसवू. तोडणीच्या दिवसांत तुम्ही काढायचा, नंतर लावायचा. एका सहीचं काम आहे. मी जागेवर येऊन विचारते दोघींना."

मी उड्या मारत घरी आले. या गुडघ्याने. एका सहीचं काम, आणि सही कुणाची, तर धाकटीची!

ठरल्या दिवशी आम्ही त्या अर्ध्या पायरीपाशी जमलो. बाई, मी, आमचे हे, धाकटी आणि तिचा नवरा. तिचा नवरा तिच्यासमोर श्वाससुद्धा विचारून घेतो, तो मागे हात बांधून उभा होता. ऊन तापलं होतं. जांभळ्या फुलांवर मधमाश्या घोंघावत होत्या.

बाईंनी विचारलं, "तुमच्या मोठ्या बहिणीचं म्हणणं, या वाटेने हातगाडी जायची. तुमच्या वडिलांपासून. खरं आहे?"

धाकटीने फुलांकडे बघितलं. "मी तरी बघितली नाही."

मला आधी ऐकूच आलं नाही नीट. म्हणजे ऐकू आलं, पण मी थांबले, पुढे काहीतरी असेल म्हणून. चेष्टा असेल. पुढे काही नव्हतं.

"अगं," मी म्हटलं, "काय बोलतेस? दोर तू धरायचीस!"

"लहानपणीचं मला काही आठवत नाही, ताई."

"पायाला विचार मग! बूट काढ. दाखव बाईंना. ही दोन बोटं कशाने गेली, सांग!"

बोलले आणि माझंच मला कसंतरी झालं, कारण तिच्या पायाचं मी कधी चारचौघांत काढलं नव्हतं. बाई अवघडल्या. आमचे हे जमिनीकडे बघायला लागले.

धाकटीचा चेहरा उतरला नाही. ती शांतपणे म्हणाली, "लहान असताना झाडावरून पडले होते मी."



ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझ्यासाठीच बनवलेलं होतं ते. ती सहाची, मी अकराची. दांड्या माझ्या हातात, दोर तिच्या हातात. मला लवकर खाली पोचून नदीत डुंबायचं होतं म्हणून मी गाडी पळवली, याच उतारावर. एक घड पडला. तो उचलायला ती दोर सोडून पुढे धावली आणि भरलेल्या गाडीचं चाक तिच्या पायावरून गेलं. मी तिला पाठुंगळी घेऊन घरी नेलं, ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडत होती. दारात बाबा. त्यांच्या हातात वेल बांधायची काठी. त्यांनी मला विचारलं, गाडी पळवलीस का? आणि माझ्या पाठीवरून ती पोर, रक्त गळतंय, दात वाजताहेत, ओरडून म्हणाली, "ताईने काही नाही केलं! मी झाडावरून पडले!"

बाबा म्हणाले, "कुठलं झाड?"

सगळ्या खोऱ्यात द्राक्षाचे वेल, कमरेपेक्षा उंच काही नाही. तिने बोट करून दाखवलं ते दारापुढच्या वेलाकडे. बाबांची काठी हातातच राहिली. इतक्या रागातही त्यांना हसू फुटलं, मग रडू फुटलं, आणि मी मारातून वाचले. जगात माझ्यासाठी कोणी एवढं केलं नाही, नवऱ्याने नाही, आईने नाही. आणि आज त्याच वाक्याने तिने माझा गळा कापला.

मी बाईंना सांगू शकले असते. सांगायला तोंड उघडलंही. पण ते सांगायचं म्हणजे त्या सहा वर्षांच्या पोरीला खोटारडी म्हणायचं, आणि ते माझ्याच्याने होईना. पन्नास वर्षं होत आली, दोन बोटांचा गुन्हा मी छातीवर घेऊन फिरत होते. तिने एका दमात पुसून टाकला. झाडावरून पडले म्हणजे तू मोकळी, ताई. हलकं वाटायला हवं होतं नाही का? वाटलं नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, वाट बघितली. मग वही मिटली. "मग माझ्या हातात काही नाही, मावशी," असं म्हणून त्या काठीचं चाक ढकलत खाली गेल्या. त्या वाटेवर वाहन म्हणून तेवढं एकच चाक चालतं आता.

तोडणी आली. द्राक्ष काही कुणासाठी थांबत नाही. वायनरीवाला सकाळी दहानंतर माल घेत नाही, उन्हात तापलेला रस त्याला नको असतो. म्हणून तांबडं फुटायच्या सुमाराला आम्ही कात्र्या घेऊन ओळींत शिरायचो. दंवाने बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या. दोन तास तोडायचं आणि मग वाहायचं. क्रेट खांद्यावर, खाली फडक्याची चुंबळ, एक हात वर, एक हात गुडघ्यावर. बाकापाशी उतरवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा, दगडी खांबांमधून तिरकं निघायचं आणि पलीकडे उभ्या केलेल्या गाडीत ठेवायचा. पुन्हा वर. गाडीत एका खेपेला बारा क्रेट आले असते. खांद्यावर एक. पाच दिवसांचं काम चौदा दिवस चाललं. शेवटच्या ओळींतले घड वेलावरच सुकायला लागले, गांधीलमाश्यांनी पोखरले. ते मी तोडून जमिनीवर टाकले आणि टाकताना मोजले नाहीत.

आणि वाटेवर माणसं! नऊ वाजले की यायला लागायची. मला बघून बाजूला व्हायची, काय कौतुकाने! एका गृहस्थांनी माझा फोटो काढला आणि मग काढू का म्हणून विचारलं. एक आजीबाई बाकावर बसलेल्या. मी क्रेट टेकवला तेव्हा म्हणाल्या, "किती छान जागी बाक ठेवलाय, नाही? माझे गुडघे अगदी गेलेत. ज्याने ठेवला त्याला आशीर्वाद." मी म्हटलं, "पोचला."

खाली धाकटीच्या अंगणात टेबलं भरलेली असायची. मी खांबांमधून तिरकी निघताना तिचा आवाज यायचा, ती पेले भरता भरता पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे पहिल्यापासून अशीच आणतात द्राक्षं. चालत. गाडीवर चढवत नाहीत. वडिलांचा नेम होता आमच्या." पाहुणे वा वा करायचे. लहानपणीचं आठवत नव्हतं तिला! तो नेम बरा आठवला.

यांची कंबर नवव्या दिवशी धरली. तरी येत राहिले. अकराव्या दिवशी बाकावर बसून म्हणाले, "तुझा राजवाडा बसायला चांगला आहे." आणि मला रडू आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला, त्यालाही द्राक्षाचा चिकटा लागलेला.

शेवटच्या दिवशी चारच क्रेट उरले होते. ऊन वर आलं होतं. मी कातळाच्या पायरीवर, वरच्या अंगाला, क्रेट टेकवून दम खात उभी होते. खालून धाकटी येताना दिसली. एकटी. अंगात स्वच्छ झगा, पायात चांगले बूट, पाय जरासा ओढत. ती पायरीपाशी आली आणि माझा हात आपोआप खाली गेला. शप्पथ, मी नाही केला तो. गेला. एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

तिने हाताकडे बघितलं. "राहू दे, ताई. आता सोपं झालंय." आणि आधी अर्ध्या पायरीवर, मग वर, अशी चढून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. माझा हात तसाच खाली लोंबत होता. मी तो मागे घेतला आणि कुठे ठेवावा कळेना म्हणून क्रेटवर ठेवला.

"खूप हाल झाले तुझे," ती म्हणाली. "भाऊजींचंही वय झालं. मी काय म्हणते, वरची बाग मला देऊन टाक. वाट पुढे वरच्या कातळापर्यंत न्यायची म्हणताहेत, तिथून नदीचं वळण दिसतं. तुमचं काही कमी करणार नाही मी."

तर हे होतं. खांब रोवायच्या आधीपासून हे होतं, कप पालथा घातला त्या दिवसापासून. मी उगाच महिनाभर विचारत बसले होते स्वतःला, मी हिचं काय वाकडं केलं.

"म्हणून खोटं बोललीस?" मी विचारलं.

आता तिचा चेहरा बदलला. खळी नाही, काही नाही. "तुला काय कळणार? बाबांनी तुला ऊन दिलं आणि मला धुकं दिलं. दर वर्षी माझे घड बुरशीने जायचे आणि तू माझ्याच दारावरून तुझे चांगले घड घेऊन जायचीस, गाडी भरभरून. वर आणि हाक मारायचीस, धाकटे, कशी आहेस! मी कशी असणार? आता माझ्या दारात माणसं येतात. येऊ देत की!"

हे तिने कधी सांगितलं असतं, तर मी अर्धी बाग दिली असती. खरंच दिली असती. आता ऐकताना मला वाईट वाटलं आणि वाईट वाटतंय याचा रागही आला.

"देते," मी म्हटलं.

ती दचकली.

"देते बाग. एकच सांग. झाडावरून पडलीस म्हणालीस." माझा आवाज मलाच बाबांसारखा वाटला. "कुठलं झाड?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा उजवा हात उठला, अर्धवट, बोट पुढे, शेजारच्या वेलाच्या दिशेने, जसा तेव्हा उठला होता. मग तिथेच थांबला. तिने तो खाली घेतला. डोळे भरून आले की उन्हाने पाणावले, मी नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर मी विरघळले असते, मला माझी खोड माहीत आहे.

मी चुंबळ खांद्यावर नीट केली, वाकले आणि क्रेट उचलला. गुडघा कडकन वाजला. ती पायरीच्या कडेला सरकली आणि फुलांना चिकटून उभी राहिली, वाटेवरची परकी माणसं मला जागा द्यायला उभी राहतात तशी. मी तिच्यापुढून अर्ध्या पायरीवर उतरले आणि चालत खाली निघाले.